हॉर्नला न दचकणारी कोंबडी

हेल्मेटात सोनेरी पिसं.

मागच्या अंगणातला झोपाळा. त्यावर उभा एक माणूस, गणवेशात.

"कारणं घरी ठेवा!"

गरम भांडी उचलायचा जाड कापडी हातमोजा. फक्त डावा.

शिट्टी फुंकता फुंकता हसू फुटलेला वाहतूक पोलीस.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं परीक्षकसाहेब आजही छातीवर हात ठेवून सांगतील. त्यांचं ऐकू नका. सगळं एकाच सकाळी घडलं, आणि तेही त्यांच्यामुळेच!

परीक्षकसाहेब म्हणजे लायसन्सची परीक्षा घेणारे. अर्ध्या गावाला त्यांनी पास केलं, उरलेलं अर्धं गाव त्यांना बघून रस्ता बदलतं. माणूस गाडीत बसला की त्याची मान, खांदे आणि कपाळ बघून ते त्याचा स्वभाव सांगतात. असा माणूस कोंबडी निवडताना चुकेल? शक्यच नाही!

कोंबडी हवी होती ती लेकीसाठी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी थांबायचीच नाही. पण शेजारच्या दंतवैद्यांचा कोंबडा कुंपणावरून आत आला, तिच्या पोटरीला चोच मारून गेला, आणि भिंगरी थांबली. मागच्या दाराबाहेर पाऊल टाकेना. झोपाळ्याच्या फळीवर धूळ साचली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर साहेब ती धूळ बघत आणि दंतवैद्यांवर मनातल्या मनात दात खात.

"मांडीवर घेता येईल अशी गरीब कोंबडी आणतो," त्यांनी जाहीर केलं. "एकदा हिने तिला कुरवाळलं की भीती पळाली म्हणून समजा!"

"ऑर्पिंग्टन जातीची आणा," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "स्वभावाने मऊ असतात म्हणे."

"म्हणे! मी गाडीची कंपनी बघून पास करतो का? चालवणारा बघून करतो. प्रत्येक कोंबडीची परीक्षा होईल!"

(इथे बायको हसली. साहेबांनी ते लक्षात ठेवलं.)

कोंबडीवाल्या मावशींच्या आवारात साहेब गेले ते छत्री, स्कूटर आणि भिंगरीला घेऊन. भिंगरी फाटकाला पाठ लावून उभी राहिली. परीक्षा सोपी होती. आधी हॉर्न, मग तोंडासमोर फटकन उघडलेली छत्री. दचकेल ती बाद.

"साहेब, कोंबडी आहे ती," मावशी म्हणाल्या. "दचकणार नाही तर काय करेल?"

"परीक्षा चालू असताना बाहेरच्यांनी बोलायचं नाही!"

पांढरी लेगहॉर्न. हॉर्न ऐकून थेट छपरावर. नापास.

तुरेवाली काळी. छत्री उघडताच पाण्याच्या घमेल्यात. नापास.

करडी, बुटकी. हॉर्नला किंचाळली, छत्रीला गिरकी घेतली आणि धावत जाऊन भिंगरीच्या फ्रॉकामागे लपली. साफ नापास! भिंगरी मात्र किंचाळली नाही. हळूच खाली वाकून बघत राहिली. पण साहेबांचं लक्ष कोंबडीवर होतं, लेकीवर नव्हतं.

"बाबा, ही..."

"हिच्या अंगात शिस्त नाही. पुढची!"

कोपऱ्यात गवतावर एक सोनेरी ऑर्पिंग्टन बसली होती. उशीसारखी गुबगुबीत. साहेबांनी हॉर्न दिला. ढिम्म! छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पापणीसुद्धा हलली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा उमेदवार त्यांनी पाहिला नव्हता.

"ती नको हो साहेब," मावशी पुढे आल्या. "ती सध्या..."

"मावशी! पुन्हा बोललात तर परीक्षा रद्द!"

मावशींनी एकदा आभाळाकडे बघितलं आणि खोकं आणायला गेल्या. कोंबडी खोक्यात घालताना त्यांनी हाताला पोतं का गुंडाळलं, हे विचारायचं साहेबांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ऑफिसला निघाले. हेल्मेट मागच्या ओट्यावर होतं. काचेला ओरखडा पडू नये म्हणून ते कायम उलटं ठेवायची त्यांची सवय. तर त्या उलट्या हेल्मेटात, अगदी मापाने शिवल्यासारखी, सोनेरी कोंबडी बसलेली!

"ऊठ बाई," साहेब प्रेमाने म्हणाले आणि हात पुढे केला.

कोंबडी फुगली. दुप्पट झाली. घशातून तिने असा आवाज काढला की जणू जुन्या ट्रकला चढावर पहिला गिअर टाकलाय! आणि मग साहेबांच्या अंगठ्याला असं धरलं, जसं भाडेकरू खोलीला धरतो.

"आई गं!!"

"काय झालं?" स्वयंपाकघरातून बायको.

"तुझी ऑर्पिंग्टन!"

"माझी? पास कोणी केली?"

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी स्कूटर अंगणात आणून हॉर्न दाबला. ढिम्म. छत्री आणली, नाकासमोर उघडली. ढिम्म!

"पुन्हा पास झाली," बायको दारातून म्हणाली. "अभिनंदन!"

आता तुम्हीच सांगा, यात माणसाने काय करावं? तिकडे मैदानावर उमेदवार गाड्या घेऊन ताटकळलेले, इकडे सरकारी कामात कोंबडीचा अडथळा! साहेब रागारागाने उघड्या डोक्याने निघाले. पहिल्याच चौकात शिट्टी वाजली.

वाहतूक पोलीस जवळ आला. साहेबांना ओळखून त्याचा चेहरा सणासुदीसारखा उजळला. मोठ्या गाडीच्या परीक्षेत साहेबांनीच त्याला नापास केलं होतं.

"हेल्मेट, साहेब?"

"घरी आहे. त्यात कोंबडी बसलीय."

"काय बसलीय?"

"कोंबडी! उठत नाही! मी काय मुद्दाम करतोय?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं, वळताना डोळ्यात चिलट गेलं. आठवतं? तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

साहेब स्कूटरचा आरसा पुसू लागले.

"'कारणं घरी ठेवा,' म्हणालात. चला तर मग. घरी जाऊन कारण बघू."

साहेब स्कूटर ढकलत पुढे आणि पोलीस मागे, अशी ती वरात निघाली. वाटेत दोन माजी उमेदवारांनी नमस्कार केला. दोघेही नापास झालेले, आणि दोघेही भलतेच खुशीत!

"हिला उठवायला काय लागतं?" अंगणात येऊन पोलिसाने मिशीवर हात फिरवला आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली. कोंबडी ढिम्म. मग त्याने बुटाच्या टोकाने हेल्मेट जरासं हलवलं मात्र, सोनेरी गोळा भुस्सकन उसळला! पोलीस न्हाणीघरात. साहेब झोपाळ्यावर! फळी हलायला लागली तसे दोन्ही साखळ्या धरून ओरडू लागले, "धरा तिला! कोणीतरी धरा!" पोलीस दाराच्या फटीतून शिट्टी फुंकायला गेला आणि साहेबांचे झोके बघून शिट्टीतच हसला.

बायको एव्हाना मावशींना फोन लावून मोकळी झाली होती. "अहो, खुडूक बसलीय ती! अंडी उबवायच्या नादात आहे. अशा वेळी तोफ डागली तरी हलत नाहीत म्हणे, आणि हात घातला की फोडून काढतात. मावशी तेव्हाच सांगत होत्या, तुम्ही बोलू दिलं नाहीत!"

"मग तिने आधी तसं सांगायला हवं होतं!"

"कोणी? कोंबडीने?"

तेवढ्यात मागचं दार करकरलं.

भिंगरी बाहेर आली. पायात चपला नाहीत, डाव्या हातात भांडी उचलायचा हातमोजा. ओठ दाताखाली धरलेला. कोंबडी पुन्हा हेल्मेटात जाऊन बसली होती. भिंगरी तिच्या मागून गेली, मोजा हळूच पोटाखाली सरकवला. दोन चोची मोज्यावर बसल्या. तिने डोळे मिटून घेतले, पण हात काढला नाही. कोंबडी वर उचलली गेली, हेल्मेट सुटलं, आणि तो सगळा फुगारा ओसरला. भिंगरी ओट्यावर बसली. मांडीत कोंबडी, कापसाच्या गाठोड्यासारखी.

झोपाळ्याची साखळी तेवढी कुरकुरत होती.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तुम्ही खाली या. मी धरलीय."

साहेब उतरले. गणवेश झटकला. "बघितलंस? मांडीवर बसणारी कोंबडी आणतो म्हणालो होतो ना?"

"हो. आता ती करडी पण आणू या."

"ती? ती नापास आहे!"

"असू दे. ती घाबरली तेव्हा माझ्यामागे लपली. मला कळतं तिचं."

"अगं, पण नियम..."

"फेरपरीक्षा असते ना साहेब?" न्हाणीघरातून आवाज आला. "मला नाही मिळाली, तिला तरी द्या!"

एका पोलिसाने, घरच्या न्हाणीघरात बसून, आपल्याला नियम शिकवावेत! साहेब संतापाने लाल झाले. तणतणत त्यांनी हेल्मेटातली पिसं झटकली, ते डोक्यावर चढवलं, आणि ऑफिसचा रस्ता सोडून स्कूटर मावशींच्या घराकडे वळवली. छत्री घेतली नाही. वाटेत हॉर्नही वाजवला नाही.

परीक्षकसाहेब स्वतः लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत नापास झाले होते. मागून हॉर्न वाजला, तेव्हा ते चालू स्कूटर सोडून परीक्षकांच्या मागे लपले होते.