पाय बघणारे दौलतआप्पा

ज्योतिषी हात बघतात. आमचे दौलतआप्पा पाय बघतात, तेही बूट काढायला न लावता.

उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे. गाडीच्या इंजिनाला बाहेरचा कॉम्प्युटर बसवून पेट्रोल कधी, किती पाजायचं ते नव्यानं ठरवायचं, हा त्यांचा धंदा. पेट्रोल कमी पडलं की "उपाशी हाय", जास्त झालं की "अजीर्ण झालंय". स्वतः मात्र चहा-बटरवर दिवस काढतात. तो कॉम्प्युटर ॲक्सिलरेटरवरच्या तुमच्या पायाची प्रत्येक हालचाल वेळेसकट टिपून ठेवतो. आप्पा लॅपटॉप जोडतात, पडद्यावरची वेडीवाकडी रेघ वाचतात आणि तुमची कुंडली मांडतात. "सोमवारी सकाळी बायकोशी वाजलंय जणू," असं त्यांनी मला चारचौघांत ऐकवलं. वाजलं होतं.

एकदा मात्र अंगावर काटाच आला. "मंगळवारी साडेआठला पाय दचकलाय तुमचा. कोन दिसलं?"

रंकाळा तळ्याच्या कडेला मला माझे वडील उभे दिसले होते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. हे मी घरातही बोललो नव्हतो. आप्पांनी पुढं विचारलं नाही. "दिसत्यात," एवढंच म्हणून वायर काढली.

मागच्या खोलीत लोखंडी स्टँडवर एक इंजिन आहे. त्यांच्या बायकोच्या, मालूकाकींच्या गाडीचं. आप्पांनी जुळवलेली प्रत्येक गाडी आधी काकी गगनबावड्याच्या घाटातून पळवून आणायच्या. त्या "पास" म्हणाल्या तरच ती गिऱ्हाइकाला मिळायची. तीन वर्षांपूर्वी काकी तापाचं निमित्त होऊन गेल्या. त्यांची गाडी विकली, इंजिन राहिलं. ते माझ्या मेहुण्याला शर्यतीसाठी हवं होतं. मी विमा विकतो, म्हणजे दगडालाही पटवीन, अशी सासरी समजूत. मी शब्द देऊन बसलो.

आप्पा एकटे सापडतील म्हणून रविवारी दुपारी तीनला गेलो. गॅरेज बंद, पण मागून गाडी घाट चढत असल्याचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं. स्टँडवरचं इंजिन चालू होतं. चढाला ओरडत होतं, वळणापाशी उतरत होतं, पुन्हा उसळत होतं. त्याला कुणाचाच हात लागलेला नव्हता. शेजारी लॅपटॉपवर रेघ सरकत होती. काकींच्या पायाची जुनी नोंद आप्पा इंजिनाकडून परत चालवून घेत होते. स्वतः ड्रायव्हरशेजारी बसल्यागत डाव्या बाजूला स्टुलावर बसून प्रत्येक वळणाला कलत होते.

मग इंजिन मंदावलं, नुसतं गुरगुरत राहिलं. आप्पा उजवीकडच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाले, "करवंदं लई आंबट घिऊ नगंस."

मिनिटभर तसंच गेलं. एकाएकी इंजिनानं गती घेतली. "आलीस व्हय? चल," म्हणत आप्पा सावरून बसले. भर दुपारी मी घाबरून खिडकीपासून मागं सरलो. आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा मला त्यांचा हेवा वाटला.

मेहुण्याला सांगून टाकलं, इंजिन पार निकामी आहे.

पुढच्या शुक्रवारी गाडी दाखवायला गेलो. आप्पांनी रेघ वाचली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचली.

"रविवारी सव्वातीनला कुठनं तरी निघालासा. लई हलक्या पायानं. निजलेल्या माणसाशेजारनं उठल्यागत."

मी मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"ह्या रविवारी आत या की," वायर गुंडाळत ते म्हणाले. "मागची सीट मोकळीच असती. गाडी भरलेली असली की तिला बरं वाटायचं."