मेलंस, भायर बस!

दाजी परबांशी माझी ओळख झाली त्याच संध्याकाळी मी मेलो. नाहूरला राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. मंडळाच्या कबड्डीच्या मैदानालगत पिंपळाखाली एक सिमेंटचा कट्टा होता. तिथे काही माणसं तावातावाने बोलत बसलेली दिसली, म्हणून मीही टेकलो आणि ओळख वाढावी या चांगल्या हेतूने म्हणालो, "आपल्या पोरांची पकड जरा ढिली वाटते, नाही?"

कट्ट्याच्या टोकाला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि गंजीफ्रॉक घातलेला एक सडपातळ माणूस बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता अंगठा मागे दाखवला आणि म्हणाला, "मेलंस! भायर बस!"

मागे महापालिकेचा एक भलामोठा पाण्याचा पाईप पडला होता. तो कोणी, कधी आणि कशासाठी आणून टाकला हे पालिकेलाही आठवत नसावं. मला वाटलं, हा माणूस गंमत करतोय. मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही. शेजारच्याने हळूच सांगितलं, "उठा साहेब. पाईपवर बसा. दाजी पंच आहेत."

दाजींचं जग कबड्डीच्या नियमांवर चालायचं. कबड्डीत बाद झालेल्याला 'मेला' म्हणतात. तो रेषेबाहेर जाऊन बसतो आणि आपल्या बाजूने गुण मिळवला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. हेच दाजींनी कट्ट्याला लावलं होतं. कट्ट्यावर आम्ही बरोबर सात, पंच दाजी. मंडळाबद्दल कोणी मूर्खासारखं बोललं, की तो मेला. त्याने पाईपवर बसायचं आणि मेलेल्याने बोलायचं नाही. कोणी दाजींना पटण्यासारखा मुद्दा काढला, की तो गुण. मग पाईपवरचा एक माणूस कट्ट्यावर परत. पण कोण परत येणार ते ठरलेलं. "पयलो मेलो तो पयलो उठतलो. नियम तो नियम." मधल्याच कोणाला उठवायची सोय नव्हती.

आणि सातच्या सात मेले तर? तर लोण. समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळतात आणि मेलेले सगळे एकदम जिवंत होतात. पण कट्ट्यावर लोण कधी लागला नव्हता. एवढे मूर्ख आम्ही नव्हतो.

दाजींच्या बायकोला, म्हणजे काकीला, हे अजिबात खपायचं नाही. त्यांची खोली समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर. तिथल्या गॅलरीतून ती ओरडायची, "जळ्ळं मेलं तुमचं तोंड! तिन्हीसांजेला कसली ती मरणाची भाषा!" त्यावर दाजी शांतपणे म्हणायचे, "प्रेक्षकांनी गप रवाचा."

आमचं श्री गोठणदेव क्रीडा मंडळ तेव्हा रडतखडत चाललं होतं. आदल्या वर्षी तर कसंबसं तगलं होतं. त्यामुळे कट्ट्यावर एकच विषय: कोणाला द्यायचं आणि कोणाला आणायचं. यात मोरजकर पुढे. तो मुलुंडच्या जकात नाक्यावर कारकून, त्यामुळे कुठला माल कुठून कुठे जातो यावर त्याचं बारीक लक्ष असायचं.

"भांडुपचा डावा कोपरा आणायचा. त्यांना आपले दोन मध्यरक्षक देऊन टाकू. हिशोब बरोबर बसतो."

"पोरां आसत ती, बटाट्याची पोती न्हय! मेलंस!"

मग म्हात्रे सरसावायचा. तो मूळचा माहुलचा कोळी. "माझ्या मावसभावाला आणूया का? होडी ओढून ओढून मांड्या बघा कशा झाल्यात त्याच्या! चढाईला गेला ना, तिघांना घेऊन परत येईल."

"माहुलात रिफायनरीचो धूर. धुरात वाढलेल्याचो दम कितीसो टिकतलो?"

"धुरात टिकला म्हणूनच तर जास्त टिकेल ना, दाजी!"

दाजी विचारात पडायचे. मग मान हलवायचे. "गुण." आणि मोरजकर पाईपवरून उठून परत यायचा. अशा आमच्या संध्याकाळी झकास चालल्या होत्या.

आम्हा सातांतला सातवा म्हणजे विलास, दाजींचा एकुलता एक मुलगा आणि मंडळाचा सगळ्यात चांगला चढाईपटू. सराव संपला की तो लाल मातीने माखलेला तसाच कट्ट्यावर येऊन बसायचा. बोलायचा कमी. तो चढाईला गेला की दाजी डोळे मिटून घ्यायचे आणि नुसता त्याचा दम ऐकायचे. "बघूचा काय त्यात? दमावरून कळता," असं म्हणायचे. पोराला दम धरायला त्यांनीच शिकवलं होतं, परळच्या गिरणीतली पाळी संपवून आल्यावर, याच मैदानात.

ती गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. दाजी रिकामे झाले. दोन वर्षं काकीने शिवणकामावर घर ओढलं. आणि मग हंगामाच्या तोंडाशी घाटकोपरच्या एका मंडळाने विलासला बोलावलं. त्यांच्या अध्यक्षांचा कारखाना होता. आमच्याकडून खेळ आणि उद्यापासून कामावर ये, असा रोकडा मामला. विलास गेला.

ज्या संध्याकाळी तो हे सांगायला कट्ट्यावर आला, तेव्हा आम्ही सगळे होतो. त्याने खाली बघत सांगितलं, "बाबा, नाव नोंदवून आलोय. घाटकोपरकडून."

दाजींनी पाईपकडे अंगठा दाखवला. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलासुद्धा नाही. "मेलंस," ते म्हणाले. "भायर बस."

विलास पाईपवर बसला नाही. सरळ घरी गेला.

तेव्हापासून आमच्या कट्ट्याची वाट लागली. दाजी माणसं मारत होते, पण कोणी जिवंत होईना. दोनच दिवसांनी मोरजकर मेला. मग म्हात्रेने एक बिनतोड मुद्दा काढला. दाजी म्हणाले, "गुण." मोरजकर उठायला लागला, तर दाजींनी हात आडवा केला. "तुझ्या आधी एक आसा."

"तो कुठे आहे इथे? तो घाटकोपरला!"

"मग तो इल्याशिवाय तू कसो उठतलंस? नियम तो नियम."

"तर मग त्याला बोलवा!"

"मी? गेलो तो तो. मी नाय बोलवूचंय."

म्हणजे रांगेत पहिला विलास; त्याला दाजी बोलावणार नाहीत, आणि बाप बोलावत नाही तोवर तो कट्ट्यावर यायचा नाही. रांग तिथेच अडली. पुढच्या महिन्याभरात म्हात्रे मेला, मग आणखी तिघे मेले. पाईपवर पाच जण चिमण्यांसारखे ओळीने बसायचे. कट्ट्यावर एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मी. मला ऑफिसात साहेबांना 'हो' म्हणायची सवय, ती कामी आली. दाजी म्हणतील त्याला मी मान हलवायचो. दाजी मला डिवचून बघायचे. "काय सदा, आपलो उजवो कोपरो बदलूक होयो, नाय?" मी म्हणायचो, "हो, बदलायलाच हवा." लगेच म्हणायचे, "कित्याक? बरो आसा तो." मी म्हणायचो, "तेही खरंच." दाजी माझ्याकडे असे बघायचे की जणू मी त्यांचं काही घेऊन परत दिलं नव्हतं.

घरी तर याहून गंमत. एकच खोली, त्यात बाप-लेक दोघे. दाजी काकीमार्फत बोलायचे. "मेलेल्याक विचार, जेवतलो काय?" पण जेवायला बसले की बांगड्याची मधली तुकडी स्वतःच्या पानातून उचलून पोराच्या पानात टाकायचे. काकीने विचारलं तर म्हणायचे, "मेलेल्याक बरा घालूचा लागता."

एकदा मी जिन्यात भेटलो तर काकीने मला अडवलं. "सदा, तू अजून कसा रे जिवंत? एकदा मर की बाबा!" मला वाटलं, बिचारीचं डोकं चालेनासं झालंय.

इकडे स्पर्धा सुरू झाली. आमच्या गटात चार संघ, त्यातले पहिले दोन बाद फेरीत जाणार. घाटकोपरने आम्हाला हरवलं. विलासने आमचे चार जण मारले, ते बघून दाजी मध्येच उठून गेले. मग आम्ही भांडुपला हरवलं. मुलुंडशी बरोबरी झाली, आणि त्यांनीही भांडुपला हरवलं होतं. आता शेवटचा सामना घाटकोपर विरुद्ध मुलुंड. घाटकोपर आधीच पुढे गेलेलं, त्यांना जिंकण्या-हरण्याने काही फरक पडत नव्हता. पण त्यांनी मुलुंडला हरवलं तर गुणांच्या फरकावर आम्ही बाद फेरीत, आणि नुसती बरोबरी झाली तरी आमचा पत्ता कट. थोडक्यात काय, गोठणदेवाची लाज मेलेल्या विलासच्या हातात होती.

सामन्याला आम्ही सगळे गेलो. येणार नाही म्हणत दाजीही आले. पण मैदानाकडे पाठ करून मंडपाचा बांबू धरून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. पाच मिनिटांत मुलुंड तीन गुणांनी पुढे. मग विलासने दोन आणले. मग पुन्हा मुलुंडने एक पकड केली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता, आणि हा माणूस समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत होता.

मध्यंतरानंतर घाटकोपर चिवटपणे वर आलं. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. आणि शेवटची चढाई विलासची. मैदान एकदम चिडीचूप झालं. त्या शांततेत त्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला: कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी दाजींकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ते त्याच्याबरोबर दम धरत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पंचावन्नच्या वर वय, गिरणीतल्या कापसाने खाल्लेली छाती. मला त्यांचीच भीती वाटायला लागली.

विलासचा हात मुलुंडच्या डाव्या कोपऱ्याला लागला. त्याच क्षणी त्याचा घोटा पकडला गेला. चौघे अंगावर पडले. तो मातीत सरपटत मध्यरेषेकडे हात ताणत होता. एक वीत उरली होती.

"दम गेलो रे पोराचो," दाजी म्हणाले. पंचाची शिट्टी त्यानंतर वाजली.

पकडीच्या त्या एका गुणाने मुलुंड जिंकलं. गोठणदेव बाहेर. मुलुंडवाले नाचायला लागले. ढिगाखालचा विलास काही उठेना, तेव्हा दाजी पहिल्यांदा वळले आणि दोरीपर्यंत धावत गेले. तिथे थांबले. विलास गुडघा धरून उठला, लंगडत बाहेर गेला. दाजी दोरी धरून तसेच उभे राहिले. आयुष्यभर बाद झालेल्याला 'मेला' म्हणणाऱ्या त्या माणसाने त्या वेळी तो शब्द तोंडातून काढला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर सुतक होतं. मोरजकरला पाईपवरून बोलायला बंदी, पण त्या दिवशी त्याला राहवलं नाही. "मुद्दाम पकडला गेला तो. त्यांना काय, ते आधीच पुढे गेलेले. आपल्यासाठी कशाला मरेल?" बाकीच्यांनी माना हलवल्या.  तेवढ्यात गुडघ्याला पट्टी बांधलेला विलास चाळीकडे चालला होता. त्याने ते ऐकलं आणि थांबला.

माझं डोकं फिरलं. कुठून आली ती हिंमत, देव जाणे. "मुद्दाम? हात ताणताना बघितला नाहीस त्याचा? आणि दाजी, तुम्हालाही सांगतो. विलास गेला ते बरोबर केलं त्याने! घर चालवायला गेला. मी असतो तर मीही गेलो असतो. तुम्ही असता तर तुम्हीही!"

 पाईपवर कोणी श्वास घेईना. दाजी हळूहळू उठून उभे राहिले. अंगठा वर केला. 

"मेलंस!" ते ओरडले. "मेलंस रे सदा, मेलंस! लोण! लोण लागलो!"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग म्हात्रे पाईपवरून टुणकन उडी मारून उभा राहिला. "अरे, सगळे मेले! म्हणजे सगळे जिवंत!"

"सगळे," दाजी म्हणाले. "नियम तो नियम." आणि विलासकडे न बघता कट्ट्यावर हात आपटला. "पयलो मेलो तो पयलो बसतलो. चल."

विलास लंगडत आला आणि बापाशेजारी बसला. मग आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो. दाजी माझ्याकडे वळले. आवाजात राग होता, पण डोळे भरले होते. "किती महिने घालवलंस रे! पाच जण मारून ठेवलंय, आणि तू काय मरणाच नाय होतंस!"

मी तोंड वासून बघत राहिलो. हे मला आधी कसं कळलं नाही? बापाने पोराला नियम मोडून बोलावलं नसतं. म्हणून तो नियमातच वाट काढत बसला होता, आणि त्या वाटेत मी मान हलवत आडवा पडलो होतो.

"पण दाजी," मोरजकरला हिशोब सुटला नव्हता, "लोण लागला की समोरच्याला दोन गुण जास्तीचे. समोर कोण?"

दाजींनी गॅलरीकडे बोट केलं. काकी कठड्याला टेकून उभी होती.

"त्याचा गुडघा बघितलात काय?" तिने वरून विचारलं.

"बघतंय गो," दाजी म्हणाले. त्यांचा हात कधीचाच विलासच्या गुडघ्यावर होता.