सावरीच्या पुतळ्याची पूर्ण हजेरी

एका जंगलात, मुलांनो, टेनिसचे एक फार सुंदर कोर्ट होते. सुंदर होते, कारण त्यावर कोणी खेळत नसे.

लाल माती, पांढऱ्या चुन्याच्या रेघा, मधे ताणून बांधलेली जाळी. चारी बाजूंनी कुंपण आणि दारावर पाटी: 'खेळाडूंच्या पायांमुळे कोर्ट खराब होते. आत येऊ नये. हुकमावरून, जंगल टेनिस महासंघ.'

हसू नका. पुढे हसायला पुष्कळ जागा आहेत, दात तेव्हासाठी ठेवा.

महासंघाचे अध्यक्ष होते एक गवा. सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. अण्णासाहेबांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती. "खुरात रॅकेट बसत नाही हो," असे ते सांगत. चिटणीस होते एक तरस, तरसराव. अण्णासाहेब बोलले की हसायचे, हे त्यांचे मुख्य काम. उरलेल्या वेळात ते हजेरीपट सांभाळत.

त्याच जंगलात सावरी नावाची एक भेकराची मुलगी होती. भेकर म्हणजे ठेंगणे हरीण. ते कुत्र्यासारखे भुंकते, आणि ते भुंकले की जवळपास वाघ आहे असे समजून सगळे जंगल पळत सुटते. सावरीला टेनिसचे वेड होते. तिलाही खूरच होते, पण त्यात रॅकेट बसत नाही हे तिला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे ती बसली.

कोर्टावर बंदी, म्हणून ती कुंपणाबाहेरच्या उतारावर खेळे. तिला हुप्पे मास्तर शिकवत. हे एक म्हातारे वानर. तरुणपणी ते चार सामने खेळले होते आणि चारही हरले होते, म्हणून त्यांना खेळ समजत होता. चेंडू नव्हता, तेव्हा मास्तर झाडावरून बेलफळे फेकत आणि सावरी गुळवेलीने विणलेल्या रॅकेटने ती परतवी. चुकले तर बेलफळ घरंगळत थेट ओढ्यात जाई.

"मास्तर, आपण सपाटीवर कधी खेळायचं?"

"पोरी, सपाटी आत आहे आणि आपण बाहेर. तू चढावर खेळ. कधी सपाटी मिळालीच, तर सुट्टी लागली समज."

दोन पावसाळे असे गेले. मग सावरी नदीकाठच्या स्पर्धेत उतरली. सपाटी कुंपणात बंद, म्हणून जंगलातल्या स्पर्धाही उतारावरच होत. समोर होता एक मुंगूस, मागच्या वर्षीचा विजेता. सावरीने पहिली सर्व्हिस केली आणि जोर लावताना तिच्या तोंडून निघाले, "भ्यॉक्!"

क्षणात सगळे प्रेक्षक झाडांवर. मुंगूस बिळात. चेंडू शांतपणे रेघेच्या आत पडला. पंच म्हणून बसलेले घुबड तेवढे जागचे हलले नाही, कारण ते झोपले होते. त्याने डोळे किलकिले करून सांगितले, "पंधरा, शून्य."

पुढे प्रेक्षकांना सवय झाली आणि मुंगसालाही बिळाबाहेर यावे लागले. तरी सावरीच जिंकली. बेलफळावर शिकलेल्या हाताला खरा चेंडू पिसासारखा लागत होता. त्या हंगामात ती पाच स्पर्धा खेळली आणि पाचही जिंकली. पहिल्या चार वेळा 'रानवार्ता' या दैनिकाने तिला शेवटच्या पानावर, जुलाबाच्या काढ्याच्या जाहिरातीखाली दोन ओळी दिल्या. पाचव्या वेळी पहिल्या पानावर भलामोठा फोटो आला. त्यात मधोमध अण्णासाहेब होते. सावरीचा एक कान दिसत होता.

मग सत्कार झाला. ढोल वाजले. अण्णासाहेब बोलायला उभे राहिले.

"सावरीला कोणी घडवलं? आम्ही! आम्ही कोर्ट बंद ठेवलं, म्हणून ती उतारावर खेळली. उतारावर खेळली, म्हणून तिचे पाय बळकट झाले. आम्ही कोर्ट उघडलं असतं, तर ही पोर वाया गेली असती!"

तरसराव हसले. सभेने टाळ्या वाजवल्या. हुप्पे मास्तर शेवटच्या रांगेत बसून शेपटी चावत होते.

"बाळ," अण्णासाहेब म्हणाले, "आज तू मागशील ते मिळेल."

सावरी उभी राहिली. तिला एवढेच हवे होते.

"अण्णासाहेब, पुढच्या पौर्णिमेला पंचक्रोशीची कुमार स्पर्धा आहे. पाऊस पडला की माझं वय उलटलं. म्हणजे ही एकच संधी. प्रत्येक जंगलातून एकच खेळाडू जातो. मला पाठवा. आणि तोवर रोज सकाळी दोन तास कोर्टावर खेळू द्या. मी अजून सपाट जमिनीवर सराव केलेला नाही."

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. गव्याचे डोळे मोठे असतात, पुष्कळ भरतात.

"दोनच तास? अगं, तू आता कोर्टावर कायमची राहशील!"

त्या रात्री सावरीच्या आईने शेजारीपाजारी मोहाची फुले वाटली.

चार दिवसांनी कोर्टाचे दार उघडले. सावरी रॅकेट घेऊन धावत गेली. कोर्टाच्या मधोमध, जाळीच्या अलीकडे, एक मोठा काळा दगडी पुतळा उभा होता. खाली नाव: सावरी भेकर.

पुतळा आकाशाकडे बघत होता. त्याच्या उजव्या हातात रॅकेट होती आणि डोक्यावर दोन भक्कम शिंगे.

"तरसराव, भेकराच्या मादीला शिंगं नसतात."

"अण्णासाहेब म्हणाले, शिंगांशिवाय मोठेपणा दिसत नाही."

"आणि मी डावखुरी आहे."

"तू मागच्या बाजूनं बघ. बरोबर वाटेल."

"मी सराव कुठे करू?"

तरसरावांनी दोन्ही कानांना हात लावले. "इथे? आणि पुतळ्याला चेंडू लागला तर? तुझाच अपमान होईल, बाळ. आम्हाला नाही सहन होणार."

आणि दार पुन्हा बंद झाले.

पण खरी गंमत पुढेच आहे. महासंघाचा एक जुना नियम होता. स्पर्धेसाठी खेळाडू निवडायचा तर आधी आठ दिवसांचे शिबिर. रोज सूर्योदयाला खेळाडूने कोर्टावर हजर असायचे. चिटणीस हजेरी घेणार. ज्याची हजेरी पूर्ण, त्याची निवड. शिबिरात खेळण्याविषयी नियमात काही म्हटलेले नव्हते.

पहिल्या दिवशी सावरी अंधार असतानाच कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. उजाडल्यावर तरसरावांनी हजेरीपट उघडला.

"सावरी भेकर?"

"हजर!"

"कोर्टाबाहेरची हजेरी धरत नाहीत."

"मग आत घ्या."

"आत खेळाडूंना परवानगी नाही. पाटी वाच."

तरसरावांनी चष्मा पुसला, कोर्टावर नजर टाकली आणि हजेरीपटावर 'हजर' अशी खूण केली.

"आहे की. समोरच उभी आहे."

हुप्पे मास्तरांनी सावरीला बाजूला घेतले. "पोरी, रोज इथे येऊन भांडायचं, का उतारावर जाऊन खेळायचं? दोन्ही जमणार नाही. दिवस थोडे आहेत."

"निवड तर माझीच होणार ना, मास्तर? दुसरं आहेच कोण?"

"दुसरं कोणी नाही," मास्तर म्हणाले. त्यांनाही तसेच वाटत होते. चार सामने हरलेल्या माणसालाही, म्हणजे वानरालाही, महासंघाचा पुरता अंदाज नसतो.

सात दिवस सावरी उतारावर खेळली. नवव्या दिवशी महासंघाच्या फळ्यावर कागद लागला. निवड: सावरी भेकर. आईने तिला जवळ घेतले, मास्तरांनी कोलांटी मारली. मग मास्तरांनी कागद पुन्हा वाचला, कारण नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी होते.

'सावरी भेकर (पाषाण). हजेरी: आठपैकी आठ.'

आणि खाली: 'सावरी भेकर (स्वतः). हजेरी: शून्य. ताकीद देण्यात येत आहे.'

सावरी तडक अण्णासाहेबांकडे गेली.

"अण्णासाहेब, तो दगड आहे!"

"दगड म्हणू नकोस. शिस्त बघ तिची. आठ दिवसांत एकदा पाणी मागितलं नाही. कोर्ट मागितलं नाही. महासंघाविषयी एक वावगा शब्द नाही."

"पण ती खेळणार कशी?"

"खेळ ही नंतरची गोष्ट गं. निवड महत्त्वाची."

तरसराव इतके हसले की त्यांना खोकला आला.

मुलांनो, इथे तुम्ही विचाराल की जंगलात कोणीच कसे बोलले नाही? बोलले ना. 'रानवार्ता'ने अग्रलेख लिहिला. मथळा होता: 'सावरीची निवड: जंगलाचा सन्मान'. कोणती सावरी ते लिहिले नव्हते. जागा कमी पडली असेल.

सावरी दिवसभर उतारावर बसून राहिली. संध्याकाळी मास्तर म्हणाले, "चल. नदी उतरू."

नदीपलीकडच्या जंगलातही एक कोर्ट होते. ते दिसायला काही खास नव्हते. रेघा पुसट, जाळीला दोन ठिगळे. एक अस्वलमावशी त्यावर दगडी रूळ फिरवत होती. त्यांच्या जंगलाच्या खेळाडूचा, एका सशाचा, पाय मुरगळला होता आणि दुसरे नाव पाठवायला तीनच दिवस उरले होते.

"काय गं, काय पाहिजे?"

"मावशी, मी खेळू इथे?"

"कोर्ट आहे, जाळी आहे, तू आहेस. मग विचारतेस काय? त्या कोपऱ्यात पाणी मारलंय, तेवढं सुकू दे."

"हजेरी कुठे लावायची?"

"कसली?" मावशी म्हणाली.

पहिले दोन दिवस सावरी सपाटीवर तिरकी उभी राहायची आणि पडायची. तिसऱ्या दिवशी तिचा एक चेंडू चुकला. तो रेघेबाहेर गेला आणि तिथेच थांबला. घरंगळला नाही, ओढ्यात गेला नाही. चेंडू चुकल्यावरही जवळच राहतो, हे बघून सावरीला रडू आले. मावशीने रूळ थांबवला नाही. "रडून झालं की सर्व्हिस घे. खांदा लवकर उघडतेस," ती म्हणाली. आणि तिने आपल्या जंगलातर्फे सावरीचे नाव पाठवून दिले.

स्पर्धा सुरू झाली. अण्णासाहेबांच्या जंगलातून पुतळा आला. तो ओढायला आठ रानरेडे आणि सोबत बावीस पदाधिकारी. पहिल्या फेरीत पुतळ्यापुढे साळिंदर होते. "मी दगडाशी खेळणार नाही," असे ते म्हणाले. बेशिस्तीबद्दल ते बाद झाले आणि पुतळ्याला पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीतल्या रानमांजराने हे पाहिले होते. ते आजारी पडले. पुतळ्याला पुन्हा पुढे चाल. पुतळा अंतिम फेरीत पोहोचला, आणि तोही एकही गेम न गमावता, असे 'रानवार्ता'ने ठळक छापले.

दुसऱ्या बाजूने सावरी आली. तिला मात्र प्रत्येक फेरी खेळावी लागली.

अंतिम सामन्याला सावरी पहिल्यांदाच त्या पुतळ्याविरुद्ध खेळायला उभी राहिली. तिच्यापेक्षा दुप्पट उंच, आकाशाकडे बघणारी, शिंगे असलेली सावरी. क्षणभर तिला वाटले, जंगलाला खरेच हीच आवडत असेल. मग कडेने, आईशेजारी बसलेले मास्तर ओरडले, "पोरी, बॅकहँडला मार! तिला बॅकहँड नाही!"

सावरीने सर्व्हिस केली. "भ्यॉक्!" नवखे प्रेक्षक झाडांवर गेले. पुतळा तसूभर हलला नाही. "काय ते धैर्य!" पदाधिकारी म्हणाले.

सहा-शून्य. दुसऱ्या सेटमध्ये पाच-शून्य असताना सावरीचा एक चेंडू पुतळ्याच्या रॅकेटवर आपटला आणि अलगद जाळीवरून तिच्या बाजूला येऊन पडला. बावीसही पदाधिकारी उभे राहिले. टाळ्या इतका वेळ चालल्या की इथेही पंच म्हणून बसलेल्या घुबडाला जाग आली. पुढचे चार गुण सावरीने घेतले. सहा-शून्य.

सावरी जिंकली. मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली, त्याने ती आडवी झाली.

धुरळा खाली बसायच्या आत अण्णासाहेब पोहोचले. डोळे पुन्हा भरलेले.

"बाळ, जिंकलीस! विजेती आमची, उपविजेती आमची. असं कुठल्या जंगलात घडलंय? चल घरी. झालं गेलं विसरून जाऊ. तुझी गैरहजेरी आम्ही माफ केली."

सावरी धापा टाकत होती. तिने एकच विचारले.

"घरी मला खेळायला मिळेल?"

अण्णासाहेबांनी तरसरावांकडे पाहिले. तरसरावांनी अण्णासाहेबांकडे पाहिले. दोघांनाही प्रश्न खरोखरच समजला नव्हता.

"खेळायचं कशाला आता?" अण्णासाहेब म्हणाले. "आता तू मोठी झालीस!"

सावरीने रॅकेट उचलली, आईला आणि मास्तरांना हाक मारली, आणि ती तिघे मावशीच्या मागून नदीकडे चालू लागली. मावशी म्हणत होती, सकाळी लवकर या, ऊन चढल्यावर माती भेगाळते.

अण्णासाहेबांच्या जंगलाने हा घाव मोठ्या मनाने सोसला. महिन्याभरात कोर्टावर दुसरा पुतळा उभा राहिला, विजेतीचा. तो जाळीच्या पलीकडे आहे. शिंगे याची थोडी जास्त लांब आहेत. यंदाच्या शिबिरात दोघींचीही हजेरी आठपैकी आठ भरली. पुतळ्यांचे वय वाढत नाही, म्हणून दोघीही कुमार गटात बसतात. कोणाला पाठवावे, यावर निवड समितीच्या नऊ बैठका झाल्या आहेत. दहावी बोलावली आहे.

तात्पर्य: मुलांनो, खेळाडू म्हणून आपल्या जंगलात नाव काढायचे असेल तर पहाटे उठू नका, घाम गाळू नका, मास्तरांचे तर मुळीच ऐकू नका. आकाशाकडे बघत, काही न मागता, एका जागी उभे राहायला शिका. आणि ते जमत नसेल, अंगातून खेळ जातच नसेल, तर नदी ओलांडायला उतार कुठे आहे ते आजच बघून ठेवा.