ह्यांचा न दुखणारा गुडघा

साल १९८४. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "आमच्या ह्यांचं माझ्यापासून काही लपत नाही!" त्यात जावई डॉक्टर, दवाखाना गल्लीच्या टोकाला. आजाराची काय बिशाद!

हे शिंपी. परक्या माणसांच्या कमरेला आयुष्यभर बिनदिक्कत फीत लावली, पण स्वतःच्या कमरेखालचं बोलायचं म्हटलं की तोंड शिवलेलं. त्या वर्षी हे पाणी प्यायचं टाळू लागले, न्हाणीघरात तासन् तास बसू लागले, स्वतःच्या विजारी उसवून ढगळ करू लागले. मी हात धरून जावयाकडे नेलं.

"काय होतंय, बाबा?"

लेकीच्या नवऱ्यापुढे हे लालबुंद! म्हणाले, "गुडघा!"

झालं! गुडघ्याचा फोटो निघाला, पट्टा आला, मशीनवर पाय मारायला बंदी आली. दुकानाला कुलूप. कोणी "कुठला गुडघा?" विचारलं, की हे आधी पट्टा कुठे आहे ते बघायचे! गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. आणि एका दुपारी न्हाणीघरातून असा आवाज आला, की माझ्या हातातली बादलीच सुटली.

"अहो, दार उघडा! गुडघ्यानं कोणी असं ओरडतं?"

दार उघडलं. भिंतीला टेकून हे रडत होते.

"अगं, लघवीच्या जागेची पुढची कातडी आवळलीय, बटव्याच्या तोंडासारखी. मागे सरतच नाही. चिरा पडल्यात, आग होते. कॅन्सरच असणार. पोरीला सांगू नकोस."

मी पदर खोचला आणि जावयाला जाऊन सगळं स्पष्ट सांगितलं. त्यानं ह्यांना नीट तपासलं, रक्तही तपासलं.

"कॅन्सर दिसत नाही, बाबा. साखर वाढलीय. त्यानं तिथं पुन्हा पुन्हा सूज येते आणि कातडी आवळते. ओढाताण करू नका, साबण चोळू नका. साध्या पाण्यानं धुवा, मलम लावा. नाहीच सैल झाली, तर छोटं ऑपरेशन. पण आधी का नाही बोललात?"

"तुम्ही गुडघा इतक्या मनापासून बघत होतात... मन मोडवेना!"

मलमानं भागलं नाही, ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर हे वाकून बघत म्हणाले, "टाका जरा लांब पडलाय!" तेव्हा मला कळलं, माझा माणूस परत आला.

दुकान पुन्हा उघडलं. साखर सांभाळत हे पुष्कळ वर्षं जगले, शेवटपर्यंत मशीन चालवत. लेक आता आजी झालीय. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्त होतात. तो पट्टा मात्र मी वापरते. माझा गुडघा खरंच दुखतो हो!

पण जावयाला गुडघा दाखवायला गेले, की तो अजून सगळ्यांना बाहेर घालवतो, दार लावतो आणि हळूच विचारतो, "आई, नक्की गुडघाच ना?"