बाळंतिणीच्या कोंबड्या

"कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही," रोसाउरा म्हणाली. "तुमच्या बहिणीला नाही, पाद्रीबाबांना नाही. फारच जड झालं तर संत रामोनला सांगा. त्यांच्या तोंडाला कुलूप आहे."

ते खरंच होतं. पोटुशा बायकांचा कैवारी संत रामोन गावच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या कोनाड्यात उभा होता आणि त्याच्या ओठांना पितळी कुलूप होतं. कुस्तोदिओने मान डोलावली. पेरूवडीच्या भट्टीवर उकळता रस ढवळण्यात त्याचा जन्म गेला होता. तिथे बोलायला तोंड उघडलं की जीभ भाजते. त्यामुळे गप्प राहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

रोसाउरा चव्वेचाळीस वर्षांची होती. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोनदा तिची कूस रिकामी झाली. दोन्ही वेळा त्याआधी गावभर पेरूवड्या वाटून झाल्या होत्या, अंगडी-टोपडी जमली होती, आणि मग ती अंगडी ज्याची त्याला परत करायला तीच दारोदार फिरली होती. बायकांनी ती मुकाट्याने घेतली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते हात तिला अजून पाठीवर जाणवत. "दुखणं सोसेन मी," ती म्हणे, "पण ती कणव तिसऱ्यांदा नको."

आणि आता, शाळेतल्या पोरी तिला आजी म्हणायच्या वयात, हे. शहरातला डॉक्टर "या वयात पहिलटकरीण म्हणजे..." एवढं बोलून थांबला आणि चष्मा पुसत बसला. वाक्याचा उरलेला भाग कुस्तोदिओ बरोबर घेऊन घरी आला. कढई ढवळताना रोज तो त्याच्या मनात निरनिराळ्या तऱ्हांनी पुरा होऊ लागला, आणि एकही तऱ्हा बरी नव्हती.

त्या डोंगराळ मुलखात बाळंतिणीचं पथ्य चाळीस दिवसांचं असतं. कानात कापूस, डोक्याला रुमाल, गार पाण्याला हात नाही, आणि रोज एका कोंबडीचं सूप. कोंबडीही अशी-तशी नाही. गावठी, मक्यावर पोसलेली, सुपावर पिवळा तवंग धरणारी. घरात दिवस राहिले की बाप्या कोंबड्या जमवायला लागतो. ज्याच्या परड्यात वेळेवर कोंबड्या नसतात त्याला सासुरवाडीचे लोक मरेपर्यंत ऐकवतात.

आता कोंबड्या काही आभाळातून पडत नाहीत. बाळंतपण पुढ्यात आल्यावर पळापळ करून त्या जमतही नाहीत. पण रोसाउराला कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. अजून कशाचा पत्ता नाही आणि बाळंतिणीच्या कोंबड्या घरात, म्हणजे दैवाला डिवचणंच की. तेव्हा हे काम गुपचूप करायचं, असं कुस्तोदिओने ठरवलं. गुपित राखणं म्हणजे तोंड बंद ठेवणं, एवढंच त्याला ठाऊक होतं. कोंबड्यांना तोंड असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारच्या बाजारात तो तिमोतेआकाकूंच्या खुराड्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अंड्यांसाठी हवी का रे?" तिमोतेआकाकूंनी विचारलं.

"हो हो. अंड्यांसाठी."

"मग ही ने. खंड पडू देत नाही."

कुस्तोदिओने ती बाजूला सारली, दुसरी उचलली, आणि बापाला करताना पाहिलं होतं तसं नकळत तिच्या शेपटीखालच्या पिसांत फुंकर मारून आत डोकावला. तिमोतेआकाकूंचे हात जागच्या जागी थांबले. अंड्यांसाठी कोंबडी घेणारा तुरा बघतो. रविवारच्या जेवणासाठी घेणारा भाव बघतो. पिसांत फुंकर मारून चरबी किती पिवळी ते बघणारा माणूस एकाच कारणाने आलेला असतो.

"ती अंडी घालत नाही रे," काकू सावकाश म्हणाल्या.

"चालेल."

"अंड्यांसाठी हवी, आणि घातली नाहीत तरी चालेल?"

"आमच्याकडे अंडी फारशी खात नाहीत कोणी," कुस्तोदिओ म्हणाला आणि कोंबडी काखोटीला मारून सटकला.

ती नेली त्याने बहिणीकडे. धाकटी ओब्दूलिया चर्चच्या भिंतीला लागून राहायची. एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, वेदीवरच्या चादरींना नक्षी काढणारी आणि गायकवृंदात पहिला आवाज लावणारी.

"ही ठेवून घे परड्यात. अजून येतील. का म्हणून विचारू नकोस."

"मी कशाला विचारू, दादा?" ओब्दूलिया म्हणाली. भाऊ वळल्याबरोबर तिने कोंबडीच्या पिसांत फुंकर मारून पाहिलं, कोंबडी खाली ठेवली, आणि पेटीतून पांढरी लोकर बाहेर काढली.

दर शनिवारी परड्यात भर पडू लागली. कोंबड्या चर्चच्या भिंतीवर चढून बसू लागल्या. एक तर पापनिवेदनाच्या खोक्यात जाऊन बसली, आणि एका म्हाताऱ्याने आपली अर्धी पापं तिला सांगितली. बाजारात मग डोकी एकत्र आली.

"कोंबड्या घेतो कुस्तोदिओ, आणि सोडतो बहिणीच्या परड्यात," तिमोतेआकाकू म्हणाल्या.

"रोसाउराबाईंसाठी असतील."

"इश्श! त्यांचं वय काय? आणि स्वतःच्या बायकोसाठी असत्या तर स्वतःच्या परड्यात नसत्या ठेवल्या?"

त्यात कोणीतरी ओब्दूलियाला चर्चच्या माडीवर, गायकवृंदाच्या कठड्याआड बोटभर लांबीचा मोजा विणताना पाहिलं. शिवाय हल्ली ती बसून गात होती. कोंबड्यांच्या घाणीवरून घसरून तिचा घोटा मुरगळला होता, पण सुजलेला घोटा म्हटल्यावर गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. दोन आठवड्यांत ही बातमी सगळ्यांच्या कानी गेली. राहिली फक्त तिघं. कुस्तोदिओ, रोसाउरा आणि स्वतः ओब्दूलिया.

पाद्रीबाबा अनिसेतो मनाने लोण्यासारखे. त्यांचं प्रवचन अर्धं बोललेलं आणि अर्धं गायलेलं असायचं. गोष्ट सांगता सांगता ते सुरात कधी शिरले हे कळायचं नाही. माडीवरून ओब्दूलिया धृपद उचलायची, एवेलिओ मास्तर ऑर्गनवर साथ धरायचे, आणि खालची माणसं आपोआप डोलायला लागायची. त्या तासाभरात माणसाच्या खांद्यावरून आठवड्याचं ओझं कोणीतरी अलगद उतरवून ठेवावं, तसं व्हायचं. एवेलिओ मास्तर विधुर होते. वर्षानुवर्षं ते ओब्दूलियाच्या आवाजामागे वाजवत आले होते आणि "जरा वरचा सूर घ्या" यापलीकडे तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्या रविवारी पाद्रीबाबांनी आख्यान लावलं मरियेच्या भेटीचं. कुमारी मरिया डोंगर चढून एलिझाबेथच्या दारात येते. एलिझाबेथला उतारवयात दिवस गेलेले, आणि लोकलाजेने ती पाच महिने घरात दडून बसलेली.

"पाच महिने दडून बसली गं माय," पाद्रीबाबांनी सूर लावला, "उतरत्या वयाची, भरल्या पोटाची..."

रोसाउराला पाचवाच महिना होता. तिने लोकरीची शाल पोटाशी घट्ट ओढली.

"तुम्ही सांगितलंत," ती दातांवर दात ठेवून पुटपुटली.

"देवाशपथ नाही! मी फक्त..."

"फक्त काय?"

"कोंबड्या घेतल्या."

"कसल्या कोंबड्या?"

तेवढ्यात पाद्रीबाबा मरियेकडे वळले होते. "आणि ती दारातली पोर! तिला कोण नावं ठेवणार? दगड उचलणाऱ्याने आधी आपले हात बघावेत!" असं म्हणून त्यांनी माडीकडे नजर टाकली. त्यांच्याबरोबर सगळ्या चर्चने मान वर केली. दोघी-तिघींनी तर डोळ्यांना पदर, म्हणजे आपापल्या शालींची टोकं लावली. ओब्दूलियाला वाटलं, आज आपला आवाज फारच लागलाय. तिने धृपद आणखी वर नेलं.

आणि ऑर्गन थांबला.

एवेलिओ मास्तर कठड्याशी आले. टोपी नव्हतीच, तरी काढल्यासारखा त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"पाद्रीबाबा, माफी असावी. ओब्दूलियाबाईंच्या मुलाला बापाचं नाव हवं असेल तर माझं लावा. मूल कोणाचं ते मी विचारणार नाही."

"कुठलं मूल?" ओब्दूलियाने विचारलं. पहिल्या आवाजाचा गळा, तोही घुमटाखाली. ते "मूल" चर्चभर फिरून आलं.

कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसऱ्याने तोंड दाबलं. ओब्दूलियाने उठून खाली सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि तिच्या हातातला मोजा कुठे लपवावा हे तिला कळेना. रोसाउरा बघत होती. गप्प बसलं तर आणखी महिनाभर तरी कोणाला कळणार नव्हतं. तीच तर तिची इच्छा होती. फक्त त्यासाठी वर उभ्या असलेल्या त्या बाईला अशीच उभी राहू द्यावी लागली असती.

रोसाउरा उठली. तिने शाल सोडली.

"मूल माझं आहे," ती म्हणाली. "पाचवा चालू आहे. पुढचं देवाला ठाऊक."

रोसाउराने डोळे मिटले, पाठ ताठ केली आणि ते हात येण्याची वाट पाहत राहिली.

"अगं, मग आधी बोलायचं नाही का!" तिमोतेआकाकू कडाडल्या. "त्या कुस्तोदिओला मी सगळ्या म्हाताऱ्या कोंबड्या खपवल्या! म्हटलं, असल्या बाळंतपणाला कशाला हव्यात चांगल्या!"

आधी मागच्या बाकावर कोणीतरी फुटलं, मग सगळं चर्च हसत सुटलं. तिमोतेआकाकू आपण काय बोललो हे कळून लालबुंद झाल्या आणि त्याही हसायला लागल्या. पाद्रीबाबांनी धृपद धरून सगळं सावरायचा प्रयत्न केला, पण वर साथीला कोणी नव्हतं. वर ओब्दूलिया हळूच विचारत होती, आणि त्या घुमटाखाली हळू असं काही नसतंच.

"मास्तर, मूल नाहीये. मग नाव परत घेणार का?"

एवेलिओ मास्तर ऑर्गनकडे वळले.

"दिलेलं नाव आहे," ते म्हणाले. "परत कसलं घ्यायचं?" आणि ते वाजवायला बसले ते भलत्याच सुरात.

बाहेर पायऱ्यांवर बायकांनी रोसाउराला घेरलं. कणव कोणाच्या डोळ्यांत नव्हती. सगळ्या रागावलेल्या होत्या, आणि प्रत्येकीला आधी बोलायचं होतं.

"माझं शेवटचं सत्तेचाळिसाव्या वर्षी! दोन दिवस अडले होते, घाबरू नकोस!"

"माझ्या जावेचं तर पायाळू होतं. डॉक्टरने सरळ सांगितलं, दोघींतली एकच वाचेल. दोघी वाचल्या. आता कशी दणदणीत आहे बघ!"

"आणि रक्त किती गेलं सांग ना तिला!"

धीर देण्याची त्यांची ही रीत ऐकून कुस्तोदिओला पायरीवर बसावं लागलं. कोणीतरी त्याला गुळाचं पाणी आणून दिलं.

"फार दुखतं का हो?" रोसाउराने अचानक विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिने कोणालाच विचारला नव्हता.

मग तिमोतेआकाकू तिच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"दुखतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? बाळंतपणाला मी येईन शहरात तुझ्याबरोबर. माझा हात हवा तेवढा आवळ. सहा बाळंतपणांचा हात आहे, मोडायचा नाही."

घरी जाताना चढावर रोसाउरा थांबली. दम लागला होता.

"एवढ्या कोंबड्या," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला खात्री होती, की सगळं नीट होणार?"

"खात्री?" कुस्तोदिओ म्हणाला. भट्टीवरचा माणूस, त्याला शब्द सापडायला वेळ लागला. "डॉक्टरचं ते वाक्य ऐकल्यापासून मला झोप नाही. मला वाटलं, बाळंतिणीचं जेवण आधीच तयार ठेवलं, तर देवाला बाळंतीण घरी पाठवावीच लागेल. नाही पाठवली तर तो त्या कोंबड्यांना काय सांगणार?"

रोसाउरा हसली नाही. तिने त्याच्या दंडाला धरलं.

"देवाला असं कोंडीत पकडतात होय?"

"दुसरं काही सुचलं नाही. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. सकाळी होती तेवढीच आहे. पण सकाळी मी एकटीच घाबरलेली होते, आता अर्धं गाव घाबरलंय. वाटणी झाली ती बरी झाली."

"माझ्या वाट्याला जरा जास्त आलीय," तो म्हणाला.

"दिसतंय ते तोंडावर," रोसाउरा म्हणाली. तिने त्याचा दंड आणखी घट्ट धरला आणि चढ चढायला सुरुवात केली. "द्या त्यातली निम्मी इकडे."