पत्रावळींची गाडी आणि घरच्यायचं नाव

नागपूरचा लाटसाहेब बसल्या जागेवरून सारा वऱ्हाड चालवतो, मग साखरखेर्ड्याच्या सत्यभामाबाईंना पत्रावळी टाचणाऱ्या बारा बाया न् एक गाडी चालवता येऊ नये? बाईंनी ठरवूनच टाकलं. पळसाची पानं भिजवणं सुनेकडे, म्हणजे कोकिळेकडे. पत्रावळी मोजून गठ्ठे बांधणं धाकट्या जावेकडे, मंजुळाबाईकडे. माल पोचवणं आठ दिवसांपूर्वी ठेवलेल्या कडूबा गाडीवानाकडे. आपण बाजेवर बसायचं न् पान खायचं.

आजवर बाई स्वतः गठ्ठ्यांवर बसून दर लग्नाला जात. अन् नेमकं या खेपेला काम सगळ्यांत मोठं! दुसरबीडच्या हिंमतराव पाटलाच्या लेकीचं लग्न, दीड हजार पत्रावळी. उद्या दुपारी पंगत बसणार. माल चुकला तर वऱ्हाडी मंडळी काय तळहातावर वरण घेतील? बाईंचा धंदा त्याच दिवशी बुडाला असता.

सकाळी कडूबानं बैल जुंपले न् विचारलं, "मालकीणबाई, कोनाच्या घरी टाकू?"

इथंच घोडं अडलं. बाईंच्या नवऱ्याचं नावही हिंमतरावच. ते नाव बाईंनी लग्नातल्या उखाण्यानंतर चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं.

"आमच्या घरच्यायच्या नावाचे पाटील हायेत. दुसरबीडात पोट्टंबी सांगन."

कडूबानं मान हलवली न् गेला.

बाई बाजेवर बसल्या. पान लावलं न् खायचं विसरल्या. बाज जशी निखाऱ्याची! उठून गठ्ठ्यांची रिकामी जागा पाहून आल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. शेवटी कोकिळेला विचारलं, कडूबाला घर नीट समजलं ना?

"हाव आत्याबाई. जाता जाता म्हने, कारभारी पाटलाकडं चाल्लो."

बाईंच्या हातातला अडकित्ता खाली पडला. बाईंच्या मालकांना सारा गाव कारभारी म्हणायचा. आठ दिवसांच्या गाडीवानाला खरं नाव ठाऊक असणार कुठून? अन् दुसरबीडात कारभारी नावाचे एक पाटील होतेही. त्यांच्या घरी आज म्हातारीची तेरवी होती.

"अवं, मंग त्याले सांगतलं काऊन नाई?"

"मामाजीचं नाव मी कशी घेऊ?"

बाईंनी मंजुळाबाईकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. थोरल्या दिराचं नाव त्या तरी कुठून घेणार? तिघींना नाव माहीत होतं न् तिघी मुक्या.

घटकाभरात नाव सांगायला म्हणून मालकांना झोपेतून उठवून दमणीत, घरच्या हलक्या बैलगाडीत, घातलं न् बैल पिटाळले. मालक मागं पुन्हा घोरायला लागले. बाईंच्या डोळ्यांपुढं मात्र एकच चित्र होतं, लग्नाच्या पत्रावळीवर तेरवीचा भात. नवरीच्या बापाला कळलं तर तो गठ्ठे अंगावर फेकेल, अन् त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

दुसरबीडच्या बाजारात शिरल्या तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. पलीकडच्या टोकाला कारभारी पाटलाचा मांडव दिसला. मांडवात माणसं पाटांवर बसलेली, न् कडूबा पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडत होता. मधे कांद्याच्या गाड्या, वाट नाही. बाईंनी दमणीत उभं राहून हात हलवले, पदर हलवला. कडूबानंही हसून हात हलवला न् गाठ सोडली.

मग बाईंनी डोळे मिटले.

"हिंमतराव! अरे हिंमतराव!"

साऱ्या बाजारानं वळून पाहिलं. कडूबाचा हात थांबला. अन् दमणीतून मालक दचकून उठले, "ओ! आलो व!"

माल योग्य घरी गेला. लग्न झालं, पंगत उठली, पाटलानं बाईंना लुगडं नेसवलं. परतीच्या वाटेवर मालक दर कोसाला म्हणत, "आनखी एकदा म्हन ना." बाईंनी दमणीकडे पाठ करून गठ्ठ्यांच्या रिकाम्या गाडीत बसून घेतलं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी शहाणपणानं आणखी एक काम वाटून टाकलं. यापुढं कडूबाला गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं ते मालकांनी, बाईमाणसांनी नाही. आता बाई निर्धास्त बाजेवर बसल्या.

पुढच्याच महिन्यात जानेफळाहून पत्रावळींची मागणी आली, सत्यभामाबाई देशमुखीण यांच्याकडून. कडूबानं बैल जुंपले न् मालकांना विचारलं, कोनाच्या घरी टाकू?

मालक मिशीला पीळ देत, कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, "आमच्या घरच्यायच्या नावाची बाई हाय."

बाईंनी पान थुंकलं न् दमणीला बैल जुंपायला निघाल्या.