जयरामभाऊ पार्क बघायला जातात

हायवेवरच्या पाण्याच्या पार्कात तिकीट काढून आत गेल्यावर जयरामभाऊंनी पहिलं काम काय केलं असेल, तर तिथल्या तलावातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. आजूबाजूला चड्ड्या घातलेली माणसं उड्या मारत होती. भाऊंच्या अंगावर धोतर, सदरा, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर उपरणं. पाणी त्यांनी तोंडात घोळवलं, बाजूला जाऊन चूळ टाकली आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"काका, कपडे घालून इथं थांबायचं नाय."

"थांबायला नाय आलो. मामाकूळ कुठलं तुमचं?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी निळ्या रंगाच्या घसरगुंडीकडे पाहू लागलो.

जयरामभाऊ माझे शेजारी. भाऊबंदकी मोजायला बसलो तर चुलतभाऊही निघतील. आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधोमध. शहापूरवाले आम्हाला मुरबाडचे समजतात, मुरबाडवाले शहापूरचे, आणि दोघेही आमचा रस्ता एकमेकांनी करावा म्हणून वाट बघतात. भाऊ आता गेले. त्यांच्या तेराव्याला जेवणाची पंगत बसली होती आणि कोणीतरी ही पाणी चाखल्याची गोष्ट सांगितली. लोक खोखो हसले. "म्हातारा चिकट होता. नातवंडांना पार्कात न्यायचं नव्हतं, म्हणून खुसपटं काढायचा," असं एकाने वर जोडलं. ही गोष्ट गावात पसरवली मीच. किती लग्नांच्या मांडवात ती सांगून मी हशा मिळवला असेल, त्याला हिशेब नाही. पण मी ती नेहमी अर्धीच सांगितली. उरलेली आज लिहितो.

आधी भाऊंचा मान काय होता ते सांगायला हवं. आमच्याकडे पोरगी द्यायची तर पोरीकडचे चार लोक मुलाचं घर बघायला जातात. या चार लोकांत एक जाणता लागतो. पंचक्रोशीत तो मान जयरामभाऊंचा. ते गप्पा मारत नसत, नुसते फिरत. विहिरीचं पाणी चाखत. कणगीवर टिचकी मारून भात किती आहे ते ऐकत. गोठ्यात जाऊन बैलासमोर एकदम हात उचलत. बैल दचकला की संपलं. "घरात हात उचलायची सवय हाय," म्हणत आणि चपला पायात सरकवत. डोळखांबकडचं एक चांगलं शिकलेलं स्थळ त्यांनी का मोडलं? तर अंगणात आम्ही सगळे गेलो तरी कुत्रं भुंकलं नाही. "भुंकलं नाय म्हंजे या घरात रोज कोणीही येतं," असा निवाडा. पुढे तो मुलगा सरकारी नोकरीत साहेब झाला आणि पोरीचा बाप भाऊंना पाहून रस्ता बदलू लागला. भाऊंवर त्याचा काही परिणाम नाही. "कुत्रं अजून भुंकत नाय ना?" एवढंच विचारलं.

दोन नियम त्यांनी आयुष्यभर पाळले. बघायला गेलेल्या घरी चहा घ्यायचा, पण पसंती होईपर्यंत गोड खायचं नाही. आणि जागेवर कधी हो-नाही सांगायचं नाही. "आमी कळवतो," म्हणायचं आणि निघायचं.

आता त्यांची एकुलती पोरगी, सुनंदा. ती दिली डोंबिवलीला. जावई कंपनीत, जागा दुसऱ्या मजल्यावर. तिथे ना विहीर ना गोठा, तेव्हा भाऊंनी जिने चढून-उतरून पाहिले आणि पसंत केलं. पोरगी सुखात पडली. पाठोपाठ भाऊंची बायको गेली आणि घरात भाऊ एकटे उरले. सुनंदाची दोन पोरं, गौरी आणि ओंकार. गौरी पाच-सहा वर्षांची असताना तिने टीव्हीवर कुठल्याशा पार्काची जाहिरात पाहिली आणि मे महिन्यात गावाला आल्यावर आजोबांच्या मांडीवर बसून हट्ट धरला.

"आजोबा, मला तुम्हीच न्यायचं. पप्पा नको. पप्पा सारखं घड्याळ बघतात."

"नेतो की गो बाय," भाऊ म्हणाले. "पण आधी बघून येतो."

तिथून हे सुरू झालं. बघायला एकट्याने जायचं नसतं, म्हणून जोडीला मी. पंचायत समितीतून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझ्या घरातही मला कोणी थांब म्हणत नव्हतं.

पहिलं बघणं ते हायवेवरचं. पाणी चाखून झाल्यावर भाऊंनी तिथली शौचालयं पाहिली, खानावळीच्या मागे जाऊन भांडी कुठे घासतात ते पाहिलं. मग लहान पोरांच्या घसरगुंडीसमोर असे उभे राहिले की हलेनात. एक पोरगी खाली आली की लगेच धावत वर. भाऊंची मान तिच्याबरोबर वरखाली. मी दोन आइस्क्रीम आणली.

"घ्या भाऊ."

"पसंती नाय झाली अजून."

"अहो, हे लग्न नाही."

"नियम तो नियम."

दोन्ही मीच खाल्ली. निघताना भाऊ दारावरच्या पहारेकऱ्याला हात जोडून म्हणाले, "आमी कळवतो." त्यानेही हात जोडले. बिचाऱ्याला वाटलं असेल, कुठल्या तरी खात्याचे साहेब आहेत.

एसटीत मी विचारलं, "कसं वाटलं?"

"पाण्याला औषध मारलंय. ज्या घरात पाण्याला औषध मारायला लागतं त्या घराचा इचार करायला लागतो."

तो मे महिना विचारातच गेला. गौरी आणि ओंकार रोज सकाळी उठून विचारायचे, "आजोबा, आज?" भाऊ म्हणायचे, "आज करवंदं." दुसऱ्या दिवशी, "आज नदीवर." एक दिवस त्यांना सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीतून नेऊन आणलं, एक दिवस रात्री काजवे दाखवले. पोरं जून उजाडल्यावर रडत डोंबिवलीला गेली आणि जाताना गौरीने बजावलं, "पुढच्या मेमध्ये नक्की."

पुढच्या वर्षी मी सुचवलं, लांब कशाला, पोरांना तानसाच्या धरणावर नेऊ, बागेत खेळतील. भाऊ तिथे नुसते उभे राहिले. "सगळं पाणी बाहेर पाठवतात. आजूबाजूच्या पाड्यावरच्या बाया डोक्यावर हंडे वाहतात. जे घर आपल्या माणसाला पाणी देत नाय तिथं पोरं न्यायची?" याचं उत्तर सरकारकडेही नसावं. आम्ही परतीची एसटी धरली.

मग कल्याणच्या बाजूला एक पार्क पाहिलं. तिथे पोरांना घोड्यावर बसवून फिरवत. भाऊंनी घोड्यासमोर एकदम हात उचलला. घोडा दचकून मागे सरला. घोडेवाला भाऊंच्या अंगावर धावून आला.

"ए बुढ्ढे, मारता क्यूं?"

"मी नाय मारत. तू मारतोस. त्यानंच सांगितलं."

तिथून मला भाऊंना ओढून बाहेर काढावं लागलं. तरी जाता जाता त्यांनी मागे वळून "आमी कळवतो" म्हटलंच.

त्याच्या पुढच्या वर्षी खाडीपलीकडचं मोठं पार्क. बोटीत बसतानाच भाऊंचा चेहरा पडला. "खाडीपल्याड पोरगी द्यायची नाय, असं आमचा बाप सांगायचा."

"भाऊ, पोरगी द्यायची नाहीये. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं आहे."

"सगळ्या पोरींना असंच सांगतात," ते म्हणाले.

आत त्यांनी एक छोटी आगगाडी पाहिली, गोल फिरणारी. "ही जाते कुठं?" चालवणारा म्हणाला, "कहीं नहीं, यहीं वापस आती है." भाऊ तिच्या तीन फेऱ्या होईस्तोवर बघत राहिले. मला वाटलं, ही पसंत पडली. पण एसटीत बसल्यावर नेहमीचंच, "इचार करायला लागेल."

मी गावात ही प्रत्येक फेरी मीठमसाला लावून सांगत होतो. पारावर माझी वाट बघितली जाई. लोक भाऊंना विचारत, "काय भाऊ, पार्काचं जमतंय का? हुंड्यावर अडलंय?" भाऊ टोपी सारखी करून पुढे जात. आणि दर मेमध्ये पोरं येत, आल्या आल्या पिशवीतून पोहायच्या टोप्या काढून दाराच्या खुंटीला अडकवत, आणि महिनाभर विचारत राहत. मग टोप्या कोऱ्याच परत जात.

शेवटच्या मेमध्ये गौरी आमच्या ओट्यावर येऊन बसली. दहा वर्षांची झाली होती. "वसंतआजोबा," ती म्हणाली, "लहान मुलांच्या घसरगुंडीवर माझ्याएवढ्यांना घेत नाहीत. माझ्या मैत्रिणीला नाही घेतलं. पुढच्या वर्षी मी आणखी उंच होईन ना?"

मला भाऊंचा राग आला. खरा आला. दुसऱ्या दिवशी शहापूरला जाऊन एसटीडी बूथवरून जावयाला फोन लावला.

"हायवेवरचं पार्क भाऊंना पसंत आहे," मी ठोकून दिलं. "तुम्हीच न्या पोरांना. भाऊंचे गुडघे दुखतात."

"अरे वा! एवढ्या वर्षांनी का होईना, मामांचा निकाल लागला," तो हसत म्हणाला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत त्याने रविवार साधून पोरांना नेलं. मी त्याही गोष्टीला शेपूट जोडून पारावर सांगितलं, की शेवटी नवऱ्यामुलाने पोरगी पळवूनच नेली. फार मोठा हशा मिळाला. भाऊ तिथून चालले होते. त्यांनी ऐकलं असावं.

पुढचा मे आला. भाऊंनी अंगण सारवून घेतलं, पेंढ्यात आंब्यांची आढी लावली, दोन गोधड्या उन्हात टाकल्या. रोज दुपारच्या एसटीला फाट्यावर जाऊन उभे राहत. अर्धा महिना उलटला आणि सुनंदा एकटीच आली, एका दिवसापुरती.

"पोरं?" भाऊंनी तिच्या मागे पाहत विचारलं.

"गौरीचा स्केटिंगचा क्लास आहे, बाबा. आणि ओंकारला तिथेच मित्र झालेत. मी म्हटलं, चला आजोबांकडे. तर म्हणतात, पार्क तर झालं ना बघून, आता तिथे काय करायचं?" ती हे सहज बोलली. मनात काही नव्हतं तिच्या. मग तिने पर्समधून फोटो काढला. घसरगुंडीच्या तोंडाशी दोघं, ओलीचिंब, डोळे घट्ट मिटलेले, तोंडं उघडी.

भाऊंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "गौरीला घेतलं ना गो त्या घसरगुंडीवर?"

"घेतलं. जेमतेम बसली."

"पाणी नाकात गेलं नाय ना?"

"नाही बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं."

संध्याकाळी सुनंदा आंब्यांची पेटी घेऊन गेली. भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटत होतं.

"फोन तू केलास."

"हो."

"चांगलं केलंस. पोर उंच व्हायला लागली होती. माझ्या ध्यानात यायला हवं होतं." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला ते पयल्याच बघण्यात पसंत होतं रे, वसंता. एसटीत बसायच्या आधीच."

"मग सांगितलं का नाही?"

"कळवणार होतो. सावकाश." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आपल्याकडं सुपारी फुटली, लगीन ठरलं, की पोरी किती दिस राहतात घरात? तू तर एवढी लग्नं बघितलीस."

पारावर चार वर्षं मी हीच गोष्ट हसवायला म्हणून सांगत आलो होतो. अंधार पडल्यावर भाऊ उठले. ओट्याच्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आपल्या बाजूला कुठं नवं पार्क निघालंय का रे? पोरांनी बघितलेलं नाय असं?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

"कर. बरं नसलं तरी चालेल."

मी खरंच चौकशी केली. शहापूरला केली, मुरबाडला केली, कल्याणला डेपोत केली; नवं काही कुठे निघत नव्हतं. तोवर पावसाळा आला. भाऊ अधूनमधून विचारत आणि मी म्हणत असे, एक निघतंय असं ऐकलंय, अजून बांधकाम चालू आहे.